पिंजऱ्याच्या तळाशी काय घालावे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे या व्याख्यानमालेत मी ठेवींवर किंवा वारसनोंदीवर बोलेन अशी अनेकांची अपेक्षा होती. ते विषय महत्त्वाचे आहेतच, पण त्यावर माहिती सांगणारे पुष्कळ आहेत. आज मी जो विषय घेतला आहे त्यावर कोणी बोलत नाही, आणि तरी त्यावरून आपल्या आवारात कुरबूर चालू आहे. विषय आहे पाळलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यात तळाशी काय घालावे हा. हसू नका. येत्या सर्वसाधारण सभेत पिंजऱ्यांवर बंदीचा विषय घ्यावा असे पत्र कार्यकारिणीकडे आले आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते पत्र लिहिणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. शेजारच्या पिंजऱ्यातले तूस वाऱ्याने आपल्या ओट्यावर येते, पावसाळ्यात कुबट वास येतो, घरात दम्याचा माणूस आहे, मग त्यांनी करायचे काय? आणि दुसऱ्या बाजूला ही पुढे बसलेली पोरं. त्यांचा जीव त्या पाखरांत गुंतला आहे. मी पक्षी पाळणाऱ्या घरांत जाऊन पाहिले. कुठे तळाशी तूस, कुठे सुताराकडचा भुसा, कुठे वाळू, एका ठिकाणी निवडणुकीचा जुना फ्लेक्स, आणि दोन घरी काहीच नाही. माझे मत असे झाले की आपले भांडण पाखरांशी नाहीच. ते त्यांच्या पायाखालच्या थराशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण त्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. पिंजऱ्यात कोणता पक्षी आहे? आपला नेहमीचा हिरवा पोपट, म्हणजे आपण ज्याला लाडाने मिठू म्हणतो तो, घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट संरक्षित आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. लाल मुनियासारख्या देशी पक्ष्यांनाही हेच लागू. आमच्या लहानपणी घरोघरी मिठू असायचा हे खरे, पण तेव्हाचे तेव्हा. ढोलीतून पिल्लू काढून कोणी विकायला आणले तर ते घेऊ नका. घरात असेलच तर वन विभागाशी बोला. १९२६ या क्रमांकावर 'हॅलो फॉरेस्ट' सेवा आहे. स्वतःच्या मनाने सोडूनही देऊ नका. माणसाळलेले पाखरू रानात एक दिवस टिकत नाही.

पाळता येतात ते परदेशी पक्षी. आपल्या बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुतेक वेळा असतात बजरीगार, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जरा ठेंगणे आणि जाड चोचीचे. डोक्यावर तुरा असतो ते कॉकाटील, तेही ऑस्ट्रेलियाचे. मोठे परदेशी पोपट घेण्याचा विचार असेल तर त्यातल्या बहुतेकांची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, हे घेण्यापूर्वी लक्षात ठेवा. आपल्या आवारात मी पाहिले ते सगळे बजरीगार आणि कॉकाटील आहेत. तेव्हा पुढचे बोलणे यांच्याबद्दल.

आता मूळ मुद्दा. तळाशी घातलेल्या वस्तूचे काम काय? मला तीन कामे दिसतात. पहिले, ओल शोषणे. दुसरे, पाखराला इजा न होणे. आणि तिसरे काम, जे बाजारात कोणी सांगत नाही, ते म्हणजे शीट आपल्याला स्पष्ट दिसणे.

तिसऱ्यापासून सुरू करतो. पाखरू आजारी पडले तरी शेवटपर्यंत लपवते. रानात जो पक्षी अशक्त दिसतो त्याच्यावर ससाण्याची झडप आधी पडते, म्हणून हा त्यांचा स्वभावच झालेला असतो. पंख फुगवून, डोळे मिटून बसलेले दिसले म्हणजे दुखणे बरेच पुढे गेलेले असते. पण शीट खोटे बोलत नाही. बजरीगार दिवसातून चाळीस-पन्नास वेळा शिटते. निरोगी शिटेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी वळलेला भाग, त्यावर पांढरा ठिपका, आणि भोवती थोडेसे पाणी. पालक-कोथिंबीर दिली की पाणी वाढते, बीट दिले की रंग बदलतो, त्यात घाबरण्यासारखे नाही. पण दिवसभर नुसते पाणीच पडत असेल, पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला असेल, शीट डांबरासारखी काळी असेल, दाणे न पचता तसेच पडत असतील, किंवा शिटेची संख्याच निम्म्यावर आली असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. आम्ही बँकेत संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय घरी जात नसू. फरक एक रुपयाचा असला तरी तो आजच सापडला पाहिजे, महिन्याने नाही. पिंजऱ्याचा तळ ही पाखराची रोजकीर्द आहे. तुसात किंवा भुशात शीट बुडून जाते आणि कीर्द वाचताच येत नाही.

आता एकेक वस्तू घेऊ.

तूस. आपल्याकडे भात पिकते, गिरणीवर तूस मिळते, तेव्हा ते घालावेसे वाटणे साहजिक आहे. कोंबड्यांच्या शेडमध्येही तुसाचा जाड थर देतात आणि तिथे ते चालते. का चालते? कोंबडी पायाने ते सतत उकरते, वरखाली करते, शेड मोकळी असते, हवा खेळती असते. बजरीगार काही उकरत नाही. ते दांडीवर बसून पंख फडफडवते आणि त्या वाऱ्याने हलके तूस खोलीभर उडते. शेजारच्या ओट्यावर जाते ते हेच. शिवाय तुसात वाळूचाच अंश असतो, सिलिका. त्याची बारीक धूळ पाखराच्या काय आणि माणसाच्या काय, कोणाच्याच छातीला बरी नाही. आणखी एक: कोंबडीच्या शेडमधले वापरलेले तूस किंवा तिथली गोणी पिंजऱ्याजवळ आणूच नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा कोंबड्यांबरोबर शेडमधले तूस आणि खाद्यही नष्ट करावे लागले होते. अशा रोगाचे विषाणू विष्ठेतून तुसात उतरतात.

पेंढा. दिसायला छान, पण आपल्या पावसात त्याला बुरशी धरते. त्यातली अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी पाखरांच्या श्वसनमार्गात वाढते आणि त्यावर उपचार अवघड असतात. मक्याच्या कणसाचे भरड आणि नारळाचा काथ्या यांचीही हीच गत.

लाकडाचा भुसा. सुताराकडे फुकट मिळतो. पण आज सुताराकडे लाकूड कमी आणि प्लायवूड जास्त कापले जाते. प्लायवूडच्या भुशात चिकटवण्याचे रसायन असते. सागाचा भुसा माणसालाही शिंका आणतो. देवदारासारख्या वासाच्या लाकडांतले तेल पाखरांना बाधते. पाखरांची फुप्फुसे आपल्यापेक्षा फार नाजूक असतात. पूर्वी इंग्लंडात कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी नेत असत, आणि तो पडला की माणसे बाहेर पळत. १९८६ साली तिथे ठरले की आता यंत्रे वापरायची. म्हणजे पाऊणशे वर्षे माणसाने पाखराच्या श्वासावर आपला जीव सोपवला होता. म्हणून सांगतो, तळाशी किंवा तळाजवळ उग्र वासाचे काहीही नको. डांबरगोळी नको, फिनाईल नको, पिंजऱ्याखाली कासवछाप लावू नये, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत असेल अशा स्वयंपाकघरात पिंजरा टांगू नये.

वाळू. ओल धरते, जड होते, रोज बदलणे होत नाही. काही जण म्हणतात की पाखराला खडे लागतात. बजरीगार दाणा सोलून खाते, टरफल टाकून देते, त्याला वाळू खाण्याची गरज नाही. उलट जास्त खाल्ली तर पोटात अडकते. मांजरासाठी मिळणारी दाणेदार माती तर मुळीच नको. ती ओली झाली की फुगते, आणि पाखराने गिळली तर आत फुगेल. नखे झिजावीत म्हणून काही लोक पॉलिश पेपर घालतात, त्याने तळवे सोलतात. गोणपाटाचे धागे नखांत अडकून पाय मुरगळतो. फ्लेक्स आणि प्लॅस्टिक ओल शोषतच नाही, सगळे वर तरंगत राहते.

मग राहिले काय? रद्दीतला साधा पेपर.

याला 'एवढेच?' असे म्हणू नका. पेपर ओल शोषतो, उडत नाही, त्यावर शीट मोजता येते, आणि मुख्य म्हणजे तो दुमडून उचलला की सगळी घाण आतच राहते. हिशेब सांगतो. पेपरचा एक मोठा ताव उघडला की दीड फुटाच्या ट्रेला पुरतो. एका तावावर चार पाने असतात, म्हणजे बारा पानी अंकात तीन ताव. रोज एक ताव धरला तर महिन्याला दहा अंक लागतील. ज्या घरी पेपर येतो त्याच्याकडे दोन पाखरांच्या घरांना पुरेल इतकी रद्दी होते. गुळगुळीत रंगीत पुरवण्या मात्र बाजूला ठेवा. त्या ओल शोषत नाहीत. साधी पाने घ्या. शेअर बाजाराचे पान मला वैयक्तिकरीत्या सर्वांत योग्य वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगते की वडापाव पेपरात बांधू नका, शाई पोटात जाते. मग पाखराला कसा चालेल? फरक असा की वडा गरम असतो, तेलकट असतो, तो शाई ओढून घेतो आणि आपण तो खातो. पिंजऱ्यात पेपर असतो जाळीच्या खाली, आणि पाखराचे खाणे असते वाटीत. म्हणजे ती जाळी महत्त्वाची. बऱ्याच घरी धुवायला त्रास म्हणून ती काढून ठेवलेली मी पाहिली. ती परत बसवा. ज्या पिंजऱ्याला जाळीच नाही, किंवा ज्या पाखराला कागद फाडून चघळायची सवय आहे, तिथे छापील पेपर नको. कोरा कागद किंवा साधा खाकी कागद घाला. आणि राळे, वरई, नाचणी जे काय देता ते तळावर पसरून देऊ नका, वाटीतच द्या.

आता आपल्या जामसरची गोष्ट. बाहेरगावची माहिती वाचून काही जण सात ताव एकावर एक ठेवतात आणि रोज वरचा काढतात. दिवाळीपासून मेपर्यंत हे ठीक चालते. पण जून ते सप्टेंबर आपल्या जव्हारच्या पट्ट्यात काय पाऊस आणि धुके असते ते मी तुम्हाला सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पिंजऱ्यातल्या खालच्या तावांचे काय होणार? वरची ओल खाली उतरते आणि चौथ्या दिवशी खालचा कागद कुबट असतो. म्हणून पावसाळ्यात एकच ताव, दुहेरी घडी करून, आणि रोज बदलायचा. झड लागली असेल तर दोनदा. रद्दीचा गठ्ठा जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी ठेवावा.

उचलण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे, कारण खोकल्याची तक्रार तिथून सुरू होते. वाळलेली शीट झाडूने झाडली की तिची पूड हवेत जाते. त्या पुडीतून सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाला होऊ शकतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून नेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत त्याची मोठी साथ आली होती. आज त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना 'घरी पाखरे आहेत' हे सांगितले पाहिजे, नाहीतर ते दुसरेच काही समजतील. शिवाय पाखरांच्या पिसांच्या व शिटेच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते आणि हळूहळू फुप्फुसे कडक होतात. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हीच धूळ होती. कबुतरांचा थवा आणि घरातली दोन बजरीगार यांची बरोबरी नाही हे मान्य, पण दम्याच्या माणसाला थोडीही धूळ पुरते.

तेव्हा पद्धत अशी. नाकाला रुमाल. कागदावर पाण्याचा हलका फवारा. चारही कोपरे आत दुमडून पुडी करायची आणि पिशवीत टाकायची. नवा कागद घालायचा. साबणाने हात धुवायचे. लहान मुलांनी कागद घालावा, घाण कागद मोठ्यांनी काढावा. दोन मिनिटांचे काम आहे. आठवड्यातून एकदा ट्रे आणि जाळी गरम पाण्याने, साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून दोन ट्रे असलेले बरे. एक वापरात, एक वाळत. झाडू नको, फुंकर तर नकोच नको.

आता थोडे सोसायटीबद्दल. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात असे आहे की ज्या पिंजऱ्यात प्राण्याला नीट हालचाल करता येत नाही तो ठेवणे गुन्हा आहे. म्हणजे कायद्यानेसुद्धा आपण पाखराला काहीतरी देणे लागतो. आणि ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागून आहे त्या शेजाऱ्यालाही देणे लागतो. माझी विनंती अशी आहे की बंदीचा ठराव लगेच घेऊ नये. तीन महिने सर्वांनी तूस-भुसा बंद करून रोज कागद बदलून पाहावा. पिंजरे सामाईक भिंतीपासून आणि शेजाऱ्याच्या खिडकीसमोरून हलवावेत. रद्दी ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी ती पाखरे असलेल्या घरी द्यावी. पत्र लिहिणाऱ्या कुटुंबाला माझे सांगणे आहे की तीन महिन्यांनंतर तुमचे तुम्ही ठरवा, ओटा झाडताना तूस निघते का, आजींची रात्रीची झोप कशी आहे. तरीही त्रास राहिला तर ठरावाच्या बाजूने पहिला हात मी वर करीन. मुलांनो, हे तुम्हीही ऐकले ना? पाखरे राहायची की नाही, ते रोज सकाळच्या त्या दोन मिनिटांवर आहे.

भाषणानंतर काही प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरे स्मरणिकेसाठी थोडक्यात देतो.

एका वहिनींनी विचारले, पळसाची किंवा सागाची पाने चालतील का? ताजी पाने एखादा दिवस चालतील, पण ती ओल शोषत नाहीत आणि आपल्या हवेत लवकर कुजतात. त्यापेक्षा पेरूची स्वच्छ धुतलेली फांदी दांडी म्हणून बसवा. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांडीपेक्षा पायांना ती बरी.

एका छोट्या मित्राने विचारले, पाखरू म्हातारे झाले आणि तळाशीच बसून राहते, त्याला जाळी टोचते, काय करू? अशा वेळी जाळीवर जुन्या सुती धोतराचा किंवा ओढणीचा मऊ तुकडा घालावा, धागे निघालेले नसावेत, आणि तो रोज धुवावा. पण तळाशी बसणे हे आजाराचेही लक्षण असते, म्हणून आधी पशुवैद्यांना दाखव. जाताना त्या दिवशीचा शीट पडलेला कागद घडी करून बरोबर ने. डॉक्टरांना त्यावरून बरेच कळते.

एकांनी विचारले, काढलेल्या कागदाचे काय करायचे? सोसायटीच्या खतखड्ड्यात फाडून टाकला तर चांगले खत होते. ते फुलझाडांना आणि फळझाडांना घालावे, कच्च्या खायच्या भाजीला नको.

आणि आमच्याच वयाच्या एका मित्राने विचारले, ज्या घरी पेपर येणे बंद झाले, सगळे मोबाईलवर वाचतात, त्यांनी काय करायचे? त्यांना माझे उत्तर: पेपर पुन्हा सुरू करा. सकाळी तुम्ही वाचा, दुसऱ्या दिवशी पाखराला द्या. एका किमतीत दोघांचे काम होते.